पहिला अल्बम आणि 'पारंपरिक' नावाचा रकाना



मागच्या पावसाळ्यात मांजरी बुद्रुकमधल्या आमच्या वस्तीतली पाच मुलंमुली विहारात आमच्याकडे आली. त्यांनी बँड काढला आहे. दोन गिटार, एक ढोलकी, एक हलगी आणि लॅपटॉपवर बसवलेला ड्रम एवढा त्यांचा संसार. सहा गाणी तयार झाली होती, पहिला अल्बम इंटरनेटवर टाकायचा होता आणि त्यासाठी एका कंपनीचा अर्ज भरायचा होता. अर्जात प्रत्येक गाण्यापुढे तीन रकाने होते. गीतकार कोण, संगीतकार कोण, हक्क कोणाचे. पाच गाण्यांपुढे पोरांनी आपली नावे लिहिली होती. सहाव्यापुढे पहिल्या दोन्ही रकान्यांत एकच शब्द होता, 'पारंपरिक'. आणि हक्काच्या रकान्यात बँडचे नाव.

आम्ही विचारले, हे सहावे गाणे आले कुठून? गाणाऱ्या मुलीने सांगितले, "आज्जीचं आहे." आज्जी बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात नवऱ्यासोबत पुण्याकडे आली, मळ्यांत आणि बांधकामावर राबली. बाबासाहेबांवर आणि रमाईवर तिने स्वतः ओव्या रचल्या आणि जात्यावर गायल्या. ती आजही जिवंत आहे. विहारापासून दोन गल्ल्या सोडून राहते.

आता प्रश्न असा की, जी बाई जिवंत आहे, जिचे घर आपल्याला माहीत आहे, तिचे गाणे 'पारंपरिक' कसे झाले? आणि ते पारंपरिक असेल तर त्याचे हक्क बँडचे कसे झाले? पोरांच्या मनात काही वाईट नव्हते. लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ घालणारे सगळे असेच लिहितात, म्हणून त्यांनीही लिहिले. पण 'सगळे असेच लिहितात' या वाक्यामागे इतिहास असतो आणि तो आपल्या बाजूचा असतोच असे नाही. म्हणून हा लेख.

लोकसंगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाला जगात 'फोक रॉक' म्हणतात. त्याच्या प्रारंभीच्या काळातले एक गाणे घेऊ, 'हाउस ऑफ द रायझिंग सन'. १९३७ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मिडल्सबरो इथे अ‍ॅलन लोमॅक्स या संग्राहकाने ते जॉर्जिया टर्नर या मुलीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. ती १६ वर्षांची, खाणकामगाराची पोर. १९६२ मध्ये बॉब डिलनच्या पहिल्या अल्बममध्ये हे गाणे आले. १९६४ मध्ये 'द अ‍ॅनिमल्स' या इंग्रज बँडने ते इलेक्ट्रिक गिटारवर वाजवले, जगभर गाजवले आणि अमेरिकेत निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्येही ते घेतले. तबकडीवर नाव काय होते? पारंपरिक, मांडणी अ‍ॅलन प्राइस. प्राइस हा बँडचा ऑर्गनवादक. म्हणजे गाणे 'कोणाचेच नाही' असे एकदा लिहिले की ते ज्याने शेवटी मांडले त्याचे होते. बँडमधल्या बाकीच्या चौघांनाही त्यात जागा मिळाली नाही आणि त्याची तक्रार त्यांनी पुढे आयुष्यभर केली. मग केंटकीतल्या खाणवस्तीला कोण विचारतो?

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये 'म्बुबे' हे गाणे गायले आणि त्याचे हक्क त्याने अवघ्या दहा शिलिंगांना दिले. १९६१ मध्ये त्याच सुरावटीवर अमेरिकेत 'द लायन स्लीप्स टुनाइट' निघाले आणि जगाच्या कानाकोपऱ्यात वाजले. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारला. त्याच्या मुलींना न्यायालयात भांडून तडजोड पदरात पाडून घ्यायला २००६ साल उजाडले. काळ्या माणसाची रचना गोऱ्या बाजारात गेली की 'आदिवासी लोकधून' होते. आपल्याकडे गोऱ्याच्या जागी कोण आणि काळ्याच्या जागी कोण, हे वाचकांना वेगळे सांगायची गरज नाही.

आपल्या देशात लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ घालणाऱ्यांत दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चे नाव आधी येते. त्यांचा पहिला अल्बम १९९३ मध्ये निघाला. आणि आपल्या पुण्याचे उदाहरण हवे असेल तर 'अग्नी'. या बँडचा पहिला अल्बम २००७ मध्ये सोनी बीएमजी या बड्या कंपनीने काढला. त्यात कबीराची वचने गिटारवर आली. कॉलेजच्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. अग्नीच्या कलाकारांनी कोणाचे काही हिरावले असा आमचा आरोप नाही. ज्या पिढीने कबीर फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिला होता तिच्या कानात त्यांनी कबीर घातला, हे काम लहान नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. कबीराला जाऊन पाचशे वर्षे झाली. तो ना कोणत्या कंपनीत गेला, ना त्याने कोणता अर्ज भरला. तरी त्याचे गाणे 'पारंपरिक' या शब्दाखाली गाडले गेले नाही. का?

कारण त्याचे नाव गाण्याच्या आत आहे.

हीच आपली नाममुद्रा. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव ओवतो. गाणाऱ्याला ते गाळता येत नाही, गाळले तर कडवे मोडते. चोखोबांच्या अभंगात चोखा आहे. सोयराबाई आपली ओळख सांगताना चोखोबांची बायको असल्याचे सांगते आणि जातही सांगते, म्हणजे ज्या गोष्टीवरून समाजाने तिला बाहेर ठेवले तीच ती सहीसारखी वापरते. तुकोबा म्हणतात ते स्वतःच्या नावाने म्हणतात. १८६९ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचा पवाडा रचला, त्यातही जोतीरावांनी स्वतःचे नाव घातले. ज्या समाजाला लिहायला, छापायला, सही करायला बंदी होती त्या समाजाने आपली सही गळ्यात ठेवली. छापखाना दुसऱ्याचा, ग्रंथालय दुसऱ्याचे, पण कडवे आपले. कॉपीराइटचा कायदा या देशात येण्याच्या शेकडो वर्षे आधीचा हा आपला कॉपीराइट आहे.

ही परंपरा आंबेडकरी चळवळीत सरळ चालत आली. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झाला आणि पुढे त्यातून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा ढाचा घ्यायचा, पण गणातला देव आणि गवळणीतला चावटपणा काढून तिथे शिक्षणाची, सावकाराची, भटशाहीची चर्चा घालायची, असा तो मार्ग. १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आपल्या दहा सभांचे काम या जलशाच्या एका कार्यक्रमाने होते, असे बाबासाहेबांनी म्हटल्याचे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

आम्हाला कोणी विचारले की तुमच्या समाजाचा पहिला बँड कोणता, तर आम्ही या जलशांकडे बोट दाखवू. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज, पेटी आणि पाच-सहा गळे. रात्रभर कार्यक्रम, सकाळी पायी पुढचे गाव. मात्र या बँडचा पहिला अल्बम कधी निघालाच नाही. रेकॉर्ड कंपन्या होत्या, १९०२ पासून या देशात तबकड्या भरल्या जात होत्या, नाट्यगीते आणि बैठकीचे गाणे मेणात उतरत होते. महारवाड्याच्या चौकात कंदिलाच्या उजेडात होणारा जलसा कोणाला विकत घ्यायचा होता? म्हणून भीमरावांच्या जलशाचा आवाज आज आपल्याला ऐकता येत नाही. त्याबद्दल वाचता येते, एवढेच.

इथे वाद्यांबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करणे गरजेचे आहे. आजच्या फ्युजनवाल्यांना हलगीचा आवाज 'मातीतला' वाटतो. आपल्या आजोबांसाठी हलगी हे गावकीचे काम होते. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, बोलावणे आले की जायचे आणि मिळेल ते घ्यायचे. म्हणून चळवळीत अनेकांनी हलगी खाली ठेवली, आणि ते बरोबरच केले. पुढच्या पिढीने ती पुन्हा उचलली ती मोर्च्यासाठी, जयंतीसाठी, स्वतःच्या मर्जीने. तमिळनाडूत पराई या वाद्याची कहाणी अगदी अशीच आहे. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा मंचावर आला, तेव्हा गाना, रॅप आणि रॉक यांच्या जोडीला पराईही वाजली. तीच कातडी, तोच ठोका. बदलले ते एवढेच की वाजवणाऱ्याला आता कोणी हुकूम देत नाही.

आता वामनदादांकडे येऊ. वामनदादा कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. शाळा नाही, मुंबईत मजुरी, मोठेपणी अक्षरओळख. १९४३ मध्ये पहिले गाणे आणि मग आयुष्यभर गाणीच. महाराष्ट्रात असा एक भीमनगर नसेल जिथे त्यांचे गाणे पोहोचले नाही. आणि तरीही जयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या दहा पोरांना विचारा, गाणे कोणाचे? गायकाचे नाव सांगतील, डीजेचे नाव सांगतील. कवी मात्र शेवटच्या कडव्यात 'वामन' म्हणून उभा असतो, आणि डीजे ते कडवे येण्याच्या आधीच पुढचे गाणे लावतो.

हे डीजेपासून सुरू झाले नाही, कॅसेटपासून सुरू झाले. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली. आपल्यासाठी ही क्रांतीच होती. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या आवारात कॅसेटचे ढीग लागले. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी या गायन पार्ट्यांकडे, कॅसेटकडे आणि पुस्तिकांकडे गांभीर्याने पाहिले. विद्यापीठ ज्याला 'अंधभक्ती' म्हणून हसत होते त्यात ज्ञान आहे, इतिहास आहे, असे त्यांनी मांडले. समाजशास्त्र शिकताना आम्हाला पहिल्यांदा आपल्या घरातली कॅसेट 'अभ्यासाची गोष्ट' वाटली ती त्यांच्यामुळे. पण त्याच कॅसेट आज हातात घेऊन पाहतो तेव्हा दिसते की गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे चिन्ह ठळक, आणि गीतकाराचे नाव कधी बारीक, कधी मुळीच नाही. अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना' ही छक्कड आम्ही एका कार्यक्रमात 'लोकगीत' म्हणून सादर झालेली ऐकली आहे. निवेदक आपलाच होता. म्हणजे नाव पुसायला नेहमी परकाच लागतो असे नाही.

आता याच शहरातली एक तुलना. २००२ मध्ये गुजरातच्या हिंसाचारानंतर पुण्यात कबीर कला मंच स्थापन झाला. वस्तीतली आणि कॉलेजातली पोरे, कासेवाडीची शीतल साठे, सचिन माळी आणि त्यांचे सोबती. जात, बाई, मजुरी यांवर गाणी. त्यांनीही नाव घेतले ते कबीराचेच. पाच वर्षांनी याच शहरातल्या दुसऱ्या बँडने कबीर गायला आणि त्याचा अल्बम बड्या कंपनीने काढला. मंचाचा आवाज मात्र बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या २०११ च्या माहितीपटात. त्याच वर्षी मंचाच्या कार्यकर्त्यांना नक्षलवादाच्या आरोपाखाली अटक सुरू झाली. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर स्वतः हजर झाले. शीतल गरोदर होत्या, त्यांना जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली.

एकच शहर, एकच कबीर. एका कबीराला तबकडी मिळाली, दुसऱ्याला तारीख मिळाली. यात पहिल्यांचा दोष नाही, हे पुन्हा सांगतो. फरक असा आहे की पहिल्या कबीराला शरीराचे तत्त्वज्ञान सांगायचे होते आणि दुसऱ्याला कासेवाडीचे. आणि गंमत पाहा, पोलिसांच्या कागदात कोणालाही 'पारंपरिक' लिहिलेले नसते. तिथे गाणाऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता, सगळे व्यवस्थित असते. शिक्षेच्या वेळी आपण व्यक्ती असतो आणि श्रेयाच्या वेळी आपण 'लोक' होतो.

यावर आपल्याच लोकांचा एक आक्षेप असतो आणि तो गंभीर आहे. चळवळीचे गाणे चळवळीचे असते, त्यावर नाव कशाला, ती काय खाजगी मालमत्ता आहे? आणि आपण स्वतः काय केले? भीमगीतांच्या अर्ध्या चाली तर सिनेमाच्या आहेत!

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या शाहिरांनी सिनेमाच्या चाली घेतल्या, कारण त्या लोकांच्या ओठांवर होत्या आणि पेटीवाल्याला पैसे द्यायची ऐपत नव्हती. रस्त्यावर गाताना ते चालून गेले. विकायला ठेवताना चालणार नाही, तिथे परवानगी लागते. तेव्हा नियम दोन्हीकडे सारखा लावू. पण मालकी आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वामनदादांनी आपले गाणे गायला कोणाला अडवले नाही. त्यांनी फक्त शेवटी 'वामन' म्हटले. गाणे सर्वांचे आणि रचना माझी, हे दोन्ही एकाच कडव्यात बसते. त्याच कडव्यात त्यांनी ते बसवून दाखवले आहे.

कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकले तरी 'हे माझे आहे' असे सांगण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे हक्क मान्य झाले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा काढून घेता येणार नाही असे ठरले. रचनाकार गेल्यावर हक्क ६० वर्षे चालतात. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. तेव्हा वामनदादांचे गाणे आपल्या अल्बमवर 'पारंपरिक' म्हणून टाकणे ही फक्त कृतघ्नता नाही, ते बेकायदाही आहे. जोडीला हेही लक्षात घ्या की, हा कायदा जातीसमूहाची अनाम रचना ओळखत नाही. त्याला एक नाव हवे असते. ज्याचे नाव नाही त्याचे काही नाही. म्हणून नाव जपणे हा अहंकाराचा नाही, पुराव्याचा प्रश्न आहे.

नावे जपता येतात का? येतात. पुण्यातच झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांसोबत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बायका. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर आहेत. ओवीसोबत बाईचे नाव आहे, गाव आहे, जात आहे. माजलगावच्या भीमनगरमधल्या राधाबाई बोऱ्हाडे आणि वाल्हाबाई टाखणखार यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांच्या नावानिशी तिथे आहेत. ज्या जात्यावरच्या ओवीला सगळ्या जगाने 'अनामिक' म्हटले तिचीही नावे सापडली, कारण कोणीतरी घरी जाऊन विचारले. नाव हरवलेले नसते. ते विचारलेले नसते.

मांजरीच्या पोरांना आम्ही एवढेच सांगितले, आज्जीला जाऊन विचारा.

आम्हीही सोबत गेलो. आमचे गाव आता गाव राहिले नाही. एका अंगाला उसावर संशोधन करणारी वसंतदादांच्या नावाची संस्था, दुसऱ्या अंगाला द्राक्षांचे केंद्र, पलीकडे लशीचा कारखाना, २०२१ पासून महापालिका. ऊस, द्राक्ष, लस, सगळ्यांची संशोधने आणि पेटंटे कागदावर आहेत, आणि उसाच्या फडात गायली जाणारी ओवी मात्र कुणाचीच नाही! आज्जी खाटेवर बसून होती. नातीने फोनवर गाणे लावले. गिटार आली, हलगी आली, मग नातीच्या आवाजात ओवी आली. आज्जीने दोनदा ऐकले. मग म्हणाली, "तिसरी ओवी माझी न्हाई. ती माझ्या सासूची." आणि सासूचे नाव सांगितले. ते नाव नातीला माहीत नव्हते. तिच्या बापालाही पटकन आठवले नव्हते.

अर्ज पुन्हा भरला गेला. सहाव्या गाण्यापुढे गीतकार म्हणून आता दोन बायकांची नावे आहेत. चाल आज्जीची, मांडणी बँडची. हक्काच्या रकान्यात आज्जीचे आणि बँडचे नाव एकत्र आहे आणि पैसे आलेच तर कसे वाटायचे ते एका साध्या कागदावर लिहून सर्वांनी सह्या केल्या आहेत. आज्जीने अंगठा दिला. पैसे फार येणार नाहीत, हे सर्वांना माहीत आहे.

जयंतीला गाणे बसवणाऱ्या, बँड काढणाऱ्या, मोबाईलवर रील टाकणाऱ्या सर्व तरुण मित्रमैत्रिणींना आमची विनंती आहे. तुमचा पहिला अल्बम काढाच. कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. फक्त 'पारंपरिक' हा शब्द लिहिण्याआधी एकदा घरी विचारा. भीमरावांच्या जलशाचा आवाज आपल्या हातून गेला, तो आता परत येणार नाही. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या आज्जीचा अजून गेलेला नाही.

जयभीम!